नसती उठाठेव

मैत्रिणींनो, मेतकुटाचं प्रमाण पुन्हा एकदा द्या म्हणून बरीच पत्रं आली आहेत. ते पुढच्या अंकात नक्की देते. आज मात्र स्वयंपाकघराबाहेरचं, अगदी सातासमुद्रापलीकडचं लिहायचं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या लेकीसुना आज थंड देशांत आहेत. ज्यांच्या नसतील त्याही कधी ना कधी मनाली-गुलमर्गच्या सहलीला जातातच. तेव्हा बर्फावर कसं चालावं, कसं चालवावं आणि कसं पडावं, हे दोघींच्याही उपयोगी पडेल.

आमची धाकटी फिनलंडमध्ये ओउलू नावाच्या गावी असते. हेलसिंकीपासून सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, समुद्राकाठी. डिसेंबरात तिथला सूर्य सकाळी साडेदहाच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी दोनला मावळतोसुद्धा. समुद्र गोठतो. आणि अशा गावात लोक बारा महिने सायकल चालवतात! शाळेतली पोरं, ऑफिसात जाणाऱ्या बायका, पिशव्या लटकवलेले म्हातारे, सगळे. सायकलींचे रस्ते मोटारींपासून वेगळे काढलेले, शेकडो किलोमीटर पसरलेले. २०१३ साली हिवाळ्यातल्या सायकलींची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदसुद्धा याच गावात भरली होती. लेक हे सगळं कौतुकाने सांगायची आणि मीही कौतुकाने ऐकायची. ऐकायला काय जातं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा फोन आला. आमची नाताळाची तिकिटं आधीच काढलेली होती. म्हणाली, "आई, घाबरू नकोस, पण..." ज्या वाक्याची सुरुवात 'घाबरू नकोस' अशी होते, ते कुठल्याही आईला उभ्याने ऐकवत नाही. मी मटकन खाली बसले. सायकलवरून घसरून तिचं डावं मनगट मोडलं होतं. चार वर्षांच्या नातवाला बालवाडीत सोडून परत येत होती, म्हणून पोर मागच्या सीटवर नव्हतं. मी फोनवर दुसरं काही बोललेच नाही. "ती सायकल आधी विकून टाक," एवढंच म्हटलं.

"आई, सायकलचा दोष नाही गं. नस्ता बदलायचा राहिला, म्हणून झालं हे."

"अगं, हात मोडलाय आणि तुला नाश्त्याचं काय सुचतंय?"

हा घोळ निस्तरायला पाच मिनिटं गेली. फिनिश भाषेत 'नस्ता' म्हणजे खिळा. तिथे हिवाळा आला की सायकलचे साधे टायर काढून खिळ्यांचे टायर बसवतात, त्यांना 'नस्ता'चे टायर म्हणतात. ते तिच्या शेडमध्ये टांगलेलेच होते. आज बसवू, उद्या बसवू, रविवारी बसवू, असं करता करता नोव्हेंबर उजाडला आणि पहिल्याच निसरड्या सकाळी बाईसाहेब आडव्या झाल्या. मी म्हटलं, नावच मुळी नस्ता. नसती उठाठेव!

डिसेंबरात आम्ही पोचलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता आणि सायकल शेडमध्ये. मी रोज विषय काढायची. बस आहे, तुमची मोटार आहे, मग हा जिवावरचा खेळ कशाला? लेक आधी हसून टाळायची. एके दिवशी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा म्हणाली, "आई, तुझी सायकल कुठे गेली गं?"

माझी सायकल. पुण्यात कॉलेजला असताना चार वर्षं मी सायकलनेच गेले. टिळक रस्त्यावरून भर पावसात, एका हाताने छत्री सावरत. १९८४ साली लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा ती बरोबर आणली होती. पहिल्याच पावसाळ्यात पोवई नाक्याजवळ घसरले, गुडघा फुटला. सासूबाई रागावल्या नाहीत, उलट हळद लावताना त्यांचे डोळे भरून आले. "आता पुरे हो," एवढंच म्हणाल्या. सायकल धाकट्या दीरांना कॉलेजला जायला झाली. कोणी काही वाईट केलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही. पण ही गोष्ट मी मुलींना नेहमी गंमत म्हणून सांगायची, आणि धाकटीने ती गंमत म्हणून ऐकली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. वेणी घालून झाली. मी पुन्हा सायकल विकायचा विषय काढला नाही.

आता त्या टायरबद्दल. रबराच्या नक्षीत लहान लहान खिळे बसवलेले असतात. त्यांची टोकं टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची असतात, म्हणून डांबरावर घासून लवकर बोथट होत नाहीत. साध्या टायरला शंभराच्या आसपास खिळे, चांगल्या भरगच्च टायरला अडीचशेच्या आसपास. नवे टायर बसवले की पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवायचे, कचकन ब्रेक मारायचा नाही, म्हणजे खिळे आपापल्या जागी घट्ट बसतात. पैशांची अडचण असेल आणि एकच टायर घेता येणार असेल तर तो पुढच्या चाकाला लावायचा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस गेलाच. तुम्हाला गंमत सांगते, आपल्या घरोघरी एकेकाळी जो नोकियाचा फोन होता ना, त्या कंपनीचं रबराच्या कारखान्याशीही नातं होतं. जगातला पहिला खास हिवाळी टायर १९३४ साली फिनलंडमधल्या त्याच रबर कारखान्याने काढला, मालमोटारींसाठी. पुढे तो कारखाना नोकियात विलीन झाला आणि १९८८ मध्ये टायरचा धंदा पुन्हा वेगळा झाला.

एका टायरला पन्नास-साठ युरो पडतात हे ऐकल्यावर आमचे हे गप्प बसतील तर शपथ! एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस. जावयांची जुनी सायकल पडून होती. ह्यांनी तिच्या टायरला आतून बाहेर, रांगेने, पत्र्याचे आखूड स्क्रू मारले. दोन संध्याकाळी, एकशेसाठ स्क्रू, आणि दिवाणखानाभर रबराचा भुगा. ही युक्ती तशी खोटी नाही. तिथले विद्यार्थी पूर्वापार असे टायर घरी करत आले आहेत. पण स्क्रूची डोकी आतल्या बाजूला राहतात, त्यांच्यावर जुन्या ट्यूबचं जाड अस्तर द्यावं लागतं. ह्यांनी नुसती चिकटपट्टी लावली. दोन किलोमीटरवर फुस्स! उणे पंधरात हातमोजे काढून पंक्चर काढायला बसले, तर थंडीत सोल्यूशन धड चिकटेना. सायकल ढकलत परत आले तेव्हा मिशीवर बर्फ होतं. जावई भले, म्हणाले, "बाबा, कल्पना चांगली होती." हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

लेकीच्या सायकलला आता खरे खिळ्यांचे टायर चढले होते, पण चालवणारीचा हात गळ्यात. नातवाला बसने सोडायचं तर थांब्यावर ताटकळत उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी मी शेडचं दार उघडलं. बासष्ट वर्षांच्या बाईने चाळीस वर्षांनी सायकलला हात लावला, तोही बर्फात. हे म्हणाले, "शहाणी आहेस का?" मी उत्तर दिलं नाही.

आधी सीट खाली घेतली. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मग टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे टायर जरा पसरतो आणि जास्त खिळे जमिनीला लागतात. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत चार दिवस एकटीच गोल गोल फिरले. सायकल विसरत नाही म्हणतात ते खरं आहे, पण बर्फावर काही सवयी विसराव्या लागतात. वळताना अंग तिरकं करायचं नाही. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, लांबूनच वेग कमी करत यायचं. पायडल एकसारखं मारायचं, झटका द्यायचा नाही. आणि घसरतोय असं वाटलं की हँडल घट्ट आवळायचं नाही, हे सर्वांत अवघड. कढईतलं तेल उडालं की आपण मागे सरतोच ना, तसे हात आपोआप आवळले जातात.

बर्फ ओळखायला मात्र मला फारसं शिकावं लागलं नाही, आयुष्य डब्यांमध्ये गेलेलं. कडक थंडीतला दाबलेला बर्फ पायाखाली कॉर्नफ्लोअरसारखा करकरतो. तो सगळ्यांत चांगला, त्यावर चाक धरून राहतं. पुष्कळ वाहतुकीने भुसभुशीत झालेला बर्फ गूळसाखरेसारखा दिसतो, त्यात पुढचं चाक भलतीकडेच जातं. आणि सगळ्यांत वाईट दिवस थंडीचा नव्हे, शून्याच्या आसपासचा! दिवसा वितळतं, रात्री गोठतं आणि सकाळी रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. लेक पडली ती अशाच सकाळी. उणे वीसला घाबरणाऱ्या आम्ही, आणि पाडतो तो शून्याचा काटा.

कपड्यांचं सांगते. आपल्याला अंगालगत सुती घालायची सवय, पण तिथे सुती वैरी. घाम आला की ते ओलं राहतं आणि थांबलं की अंग गारठतं. आत लोकरीचं पातळ, वर वारा अडवणारं. निघताना जरा थंडी वाजली पाहिजे. घरातून निघतानाच ऊब वाटत असेल तर पाच मिनिटांत घामाघूम व्हाल. हातांना बोटांचे मोजे नकोत, पिशवीसारखे हवेत, बोटं एकमेकांना ऊब देतात. काहीजण हँडललाच रजईसारखे मोठे मोजे बांधून टाकतात, आत हात घातला की झालं.

पाचव्या दिवशी नातवाला मागे बसवलं, हेल्मेट, पट्टे, सगळं दोनदा तपासून. लेक गॅलरीत उभी होती. एक शब्द बोलली नाही. परत आल्यावर पाहिलं तर तिच्या कपातला चहा तसाच, वर साय धरलेली.

त्या आनंदात मी एक घोटाळा केला. सायकल घरात आणली, कोमट पाण्याने छान पुसली, रात्रभर स्वयंपाकघरात ठेवली. सकाळी बाहेर काढली आणि पन्नास पावलांवर पायडल गरागरा फिरतंय, चाक ढिम्म! ऊबेत आत शिरलेला ओलावा फ्रीव्हीलमध्ये गोठला होता, त्याचे दात धरेनात. ब्रेकची तारसुद्धा कडक. तेव्हा सायकल थंडीतच, शेडमध्ये ठेवायची. घरात आणायची तर पूर्ण कोरडी करून, पातळ तेल घालूनच बाहेर काढायची. जाड ग्रीस थंडीत गोठल्या तुपासारखं होतं. मिठाच्या बरणीत ओला चमचा घालू नये हे मी आयुष्यभर सांगत आले, पण ते सायकललाही लागू आहे हे सुचलं नाही.

शेजारचा एक तरुण मुलगा मोटारसायकलच्या टायरएवढ्या जाड चाकांची सायकल चालवायचा. ही अलास्कातली कल्पना. तिथे १९०० सालीसुद्धा सोन्याच्या शोधात निघालेली माणसं गोठलेल्या युकॉन नदीवरून साध्या सायकली हाणत शेकडो मैल गेली होती. पुढे १९८०-९० च्या काळात बर्फात शर्यती सुरू झाल्या तेव्हा तिथले कारागीर दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाकं करू लागले, आणि २००५ पासून अशा सायकली दुकानांत मिळू लागल्या. युक्ती उंटाच्या पायाची आहे. पसरट चाक, अगदी थोडी हवा, म्हणजे मऊ बर्फात रुतत नाही. पण लक्षात ठेवा, जाड चाक म्हणजे घसरत नाही असं मुळीच नाही. निसरड्या काचेवर खिळे नसलेलं जाड चाकही तितकंच घसरतं. तो मुलगा आमच्या दारासमोरच सपशेल पडला, म्हणून खात्रीने सांगते.

ज्यांना सायकल येतच नाही त्यांच्यासाठी त्या देशात एक सुरेख वस्तू आहे. लांब लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. मागे उभं राहायचं, एक पाय पट्टीवर, दुसऱ्या पायाने जमीन ढकलायची. खुर्चीत किराणा, नाहीतर नातवंड. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई ऐंशीच्या पुढच्या, पण तिच्यावरून बाजारात जायच्या. त्यांची एकच तक्रार. रस्ता घसरू नये म्हणून जी बारीक खडी टाकतात, तिच्यावर ही गाडी अडते. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय, दुसरं काय!

जानेवारीत लेकीचं प्लास्टर निघालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाळांना हिवाळी सुट्टी असते, तेव्हा सगळे स्कीला निघालो. इथे आमची जी शोभा झाली ती विचारू नका.

मी सपाटीवरच्या स्कीवर. दोन लांब, अरुंद पट्ट्या, बर्फात आधीच कोरलेल्या दोन खोबणींतून जायचं. बघताना वाटतं, किती सोपं. उभी राहिले आणि पुढे पाय टाकला तर मागेच जायला लागले. पट्टीच्या पोटाखाली मध्यभागी केसाळ अस्तर असतं. एका पायावर पूर्ण भार दिला तरच ते बर्फाला धरतं. मी घाबरून दोन्ही पायांवर अर्धा अर्धा भार देत होते. दोनशे पावलांत सात वेळा पडले. नातू मोजत होता. त्याला बालवाडीतच शिकवलेलं, "आज्जी, पडायचं असेल तर आधी बस!" खरी गोष्ट हीच आहे. तोल जातोय असं वाटलं की कुशीवर, मांडीवर बसायचं, हात जमिनीकडे पुढे करायचा नाही. लेकीचं मनगट गेलं ते हात टेकल्यामुळेच. आणि आपल्या वयाच्या बायकांनी तर हे गाठ बांधून ठेवावं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. पन्नाशीनंतर नुसत्या उभ्या पडण्याने मनगट मोडलं तर प्लास्टर काढून मोकळं होऊ नका, डॉक्टरांना हाडांच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

उतारावर उठायचीही रीत आहे. पाठीवर लोळून दोन्ही स्की हवेत नेऊन सरळ करायच्या, मग उताराला आडव्या टेकवायच्या, आपण वरच्या अंगाला. उताराच्या दिशेने टोकं ठेवून उठलात की उठता उठताच निघालात.

आमचे हे उताराकडे गेले. वर न्यायला तिथे दोरीला टांगलेला उलट्या टी अक्षरासारखा दांडा असतो. तो मांड्यांच्या मागे घ्यायचा आणि उभंच राहायचं, तो ओढत नेतो. ह्यांना वाटलं खुर्चीच आहे, बसले ऐटीत! दांडा खाली गेला, हे बर्फात, एक स्की दुसरीवर. आणि बाजूला व्हायच्या ऐवजी तिथेच टोपी शोधत बसले. मागून येणाऱ्या दोन मुली ह्यांच्यावर, त्यांच्यामागची मुलं त्यांच्यावर. शेवटी यंत्र थांबवावं लागलं. पडलात तर आधी गडगडत वाटेच्या बाहेर व्हा, टोपी मागाहून. जावई वर पोचले, पण थांबायचं कसं ते न शिकताच. पुढची टोकं जवळ, मागची लांब, घराच्या छपरासारखा आकार केला की वेग आवरतो. मुलांना पिझ्झाचा तुकडा कर म्हणून सांगतात. ते सरळ खाली आले, कुंपणाच्या जाळीत अडकले, आणि हातातली काठी न सोडल्यामुळे अंगठा सुजला. पडताना काठ्या सोडून द्याव्यात. शिकताना काठीचा पट्टा मनगटात न अडकवलेलाच बरा.

तेव्हा सोलांगला किंवा औलीला भाड्याच्या स्की घ्याल तर फोटो काढण्याआधी तीन गोष्टी विचारा. बूट घोट्याशी घट्ट आहे का, पडल्यावर बूट स्कीमधून आपोआप सुटतो का, आणि थांबायचं कसं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सपाटीवर करून दाखवल्याशिवाय वर जाऊ नका.

व्हिसा तीन महिन्यांचा, निघायची वेळ आली. शेवटच्या सकाळी लेकीने सायकल काढली. पोराला मागे बसवलं, हेल्मेटचा पट्टा लावला. मी वाकून पुढच्या चाकाचे खिळे पाहिले. चार पडलेले होते. "चार गेलेत गं," म्हटलं. "घालते आई, मिळतात वेगळे," म्हणाली, आणि दोघं निघाली. मी गॅलरीत गेले. चहा हातातच राहिला.

मे महिन्यात तिचा फोटो आला. रस्त्यावरची खडी झाडून झाली, नस्त्याचे टायर पुन्हा शेडमध्ये टांगले, खाली चिठ्ठी, '१० ऑक्टोबरला बसवणे.' मीही आमच्या कालनिर्णयावर १० ऑक्टोबरच्या चौकोनात मोठ्या अक्षरात 'नस्ता' असं लिहून ठेवलं आहे. परवा ह्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "त्या दिवशी काय विशेष करणार आहेस?"